‘द लास्ट कॅसल’: काकांचं बरोबर की तुमचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘द लास्ट कॅसल’ हा अमेरिकी लष्करी तुरुंगावरचा सिनेमा घरात सगळ्यांनी मिळून पाहिला. सैन्यातून निवृत्त झालेल्या काकांच्या डोळ्यांत शेवटी पाणी आलं. तुम्हाला मात्र उत्तरार्ध पटलाच नाही, कैद्यांनी तुरुंगात दगड फेकणारं यंत्र उभं केलं तेव्हा तर तुम्ही उठून जाणार होतात. इतर प्रेक्षकांची मतं वाचलीत तर तीही अशीच दोन टोकांची. मग मत कोणाचं धरायचं, आणि लष्करी तुरुंगात खरोखर असं काही चालतं का?

मी गेली पंचवीसेक वर्षं चित्रपट-रसास्वादाचे वर्ग घेतो आणि खेळ संपल्यावरची चर्चा चालवतो. हा सिनेमा मी चार वेगवेगळ्या गटांना दाखवला. चारही वेळा तुमच्या घरात झालं तेच झालं: अर्धे लोक भारावलेले, अर्धे वैतागलेले. आधी मीही ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून विषय मिटवायचो. आता तसं करत नाही, कारण नीट ऐकलं तर दोन्ही बाजू एकाच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात असं माझ्या लक्षात आलं आहे. वैतागलेले म्हणतात, ‘हे शक्य नाही.’ भारावलेले म्हणतात, ‘असेना का, पण माणूस पाहा!’ माझं मत असं की या सिनेमात अशक्य गोष्टी आहेत हे खरं, पण तो तिथे घसरत नाही. ज्या जनरलवर तो उभा आहे त्या जनरलला सिनेमा कैद्यांसमोर एकदाही चुकू देत नाही, तिथे तो घसरतो. यंत्राचा राग येतो, पण तो या दुसऱ्या रागाची सावली आहे.

गोष्ट आठवणीसाठी पुन्हा सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. रॉबर्ट रेडफर्डने रंगवलेला युजीन अर्विन हा तीन ताऱ्यांचा जनरल. वरून आलेला आदेश मोडून त्याने मोहीम काढली, तीत त्याचे आठ सैनिक मेले. कोर्टमार्शलमध्ये तो गुन्हा कबूल करतो आणि दहा वर्षांची शिक्षा घेऊन लष्करी तुरुंगात येतो. तुरुंगाचा प्रमुख कर्नल विंटर, म्हणजे जेम्स गँडॉल्फिनी. आतले कैदी सगळे माजी सैनिक. कर्नलचा कारभार क्रूर, जनरलला आधी फक्त शांतपणे शिक्षा भोगून घरी जायचं आहे, आणि हळूहळू तो याच कैद्यांची पुन्हा फौज बांधतो. दिग्दर्शक रॉड लुरी. हा माणूस स्वतः वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीचा 1984 सालचा पदवीधर, आणि दिग्दर्शनाआधी चित्रपट समीक्षक. या दोन्ही गोष्टी सिनेमात दिसतात.

आता काकांच्या बाजूने बोलतो, कारण तरुण प्रेक्षक ती बाजू फार लवकर मोडीत काढतात.

सुरुवातीचा एक प्रसंग पुन्हा लावून पाहा. अर्विन नुकताच आला आहे आणि कर्नलच्या कार्यालयात उभा आहे. कर्नलला मनापासून आनंद झाला आहे. जनरलचं पुस्तक त्याच्याकडे आहे, त्यावर सही घ्यायची म्हणून तो ते आणायला आत जातो. बाहेर काचेच्या कपाटात त्याचा संग्रह मांडला आहे: जुनी शस्त्रं, गोळ्या, रणांगणावरून गोळा केलेल्या वस्तू. अर्विन ते न्याहाळतो आणि शेजारच्या कॅप्टनला सहज म्हणून जातो की असा संग्रह ज्याच्याकडे आहे त्याने रणांगणावर कधी पाऊल टाकलेलं नसणार. वाक्यात विखार नाही. पण आत उभ्या कर्नलला ते ऐकू गेलं आहे. इथे गँडॉल्फिनीचा चेहरा पाहा. तो चिडत नाही. लाडक्या शिक्षकाने वर्गात हसं करावं तसा पोरगा होतो तो क्षणभर, आणि मग चेहऱ्यावर पडदा ओढून घेतो. सही घ्यायचा बेत तिथेच बारगळतो. पुढचे दोन तास जे काही घडतं त्याचं बी इथे पडलेलं आहे.

त्याच सुमारास अमेरिकी टीव्हीवरच्या एका गुन्हेगारी मालिकेत हाच नट दांडगट टोळीप्रमुख म्हणून घराघरांत पोचला होता. इथे तो सगळा दांडगटपणा त्याने पुसून टाकला आहे. चष्मा, हळू आवाज, मोजून उच्चारलेले शब्द. सिनेमा नावडलेले प्रेक्षकसुद्धा ‘पण तो कर्नल मात्र...’ असं म्हणून थबकतात, हे मी चारही चर्चांमध्ये पाहिलं. एकदा मागच्या रांगेतले एक निवृत्त हवालदार उठून म्हणाले होते, ‘जनरलसारखा साहेब मला एकदाही भेटला नाही. कर्नलसारखे तीन भेटले.’ सभागृहात कोणी काही बोललं नाही. काकांना विचारून पाहा. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी झेंड्यासाठी होतं की कधी न भेटलेल्या साहेबासाठी होतं, हे त्यांना नक्की सांगता येईल.

दुसरा प्रसंग दगडांचा. अ‍ॅगिलार नावाचा एक अडखळत बोलणारा कैदी अर्विनला सॅल्यूट करतो. तुरुंगात सॅल्यूटला बंदी, म्हणून त्याला शिक्षा होते. अर्विन मध्ये पडतो, तेव्हा शिक्षेची पाळी त्याची. मैदानाच्या एका टोकाचे मोठाले दगड उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन रचायचे, आणि सगळे नेऊन झाले की परत आणायचे. लुरीने इथे घाई केलेली नाही. आधी कैदी पैजा लावतात की म्हातारा किती टिकेल. शर्ट उतरतो, पाठीवरचे जुने व्रण दिसतात. चाल बदलते, पाय घासायला लागतात, दगड छातीवरून पोटावर येतो. मग हळूहळू पैजेचा आवाज बदलून प्रोत्साहनाचा होतो. अभ्यासक म्हणून मला यातली खरी कारागिरी आवाजात दिसते: एकही भाषण न करता जमावाचं मन वळलेलं आपल्याला कानांनी कळतं. रेडफर्ड तेव्हा साठीच्या पुढचा होता, आणि त्या अंगाचा उपयोग दिग्दर्शकाने प्रामाणिकपणे करून घेतला आहे.

तिसरी गोष्ट भिंत. कैद्यांकडून एक भिंत बांधून घेतली जात असते, त्यात कोणाचा जीव नाही. अ‍ॅगिलार गवंड्याचा मुलगा, त्याला दगड बसवणं कळतं. कैदी ती निकृष्ट भिंत स्वतः पाडतात आणि नीट उभी करतात. कोणाची तरी वेठबिगार बघता बघता त्यांची स्वतःची होते. हुद्दे काढून घेतलेल्या माणसांना पुन्हा हुद्दा कसा मिळतो, हे भिंत सांगते. कर्नल ती पाडायला यंत्र पाठवतो, अ‍ॅगिलार तिच्यासमोर उभा राहतो आणि रबरी गोळी डोक्यात लागून मरतो. इथपर्यंत सिनेमाने काही खोटं केलेलं नाही. इथे तो थांबला असता तर आपण आज हे भांडत नसतो.

तुम्ही विचारलंत, लष्करी तुरुंगात खरंच असं असतं का. याचं उत्तर तुकड्यातुकड्यांत द्यावं लागेल.

सिनेमातला तुरुंग कल्पित आहे, पण ‘कॅसल’ हे नाव हवेतून आलेलं नाही. कॅन्सस राज्यात फोर्ट लेव्हनवर्थ इथे अमेरिकी लष्कराचा मोठा तुरुंग आहे. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, 1874 मध्ये लष्करी तुरुंगाचा कायदा केला आणि त्यातून तो उभा राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे घुमटाची प्रचंड मुख्य इमारत बांधली गेली. ती कैद्यांच्याच श्रमातून उभी राहिली आणि तिला सगळे ‘कॅसल’ म्हणत. सिनेमा आला 2001 मध्ये. पुढच्याच वर्षी, 2002 मध्ये, तिथे नवा तुरुंग सुरू झाला आणि 2004 मध्ये जुना ‘कॅसल’ पाडला गेला. म्हणजे नाव पडद्यावर आलं आणि तीन वर्षांत वास्तू जमीनदोस्त झाली. चित्रीकरण मात्र तिथलं नाही, ते टेनेसीतल्या नॅशव्हिल इथल्या राज्य तुरुंगातलं. तो तुरुंग 1898 मध्ये सुरू झाला आणि 1992 मध्ये बंद पडला. त्याच्या दर्शनी भागाला किल्ल्यासारखे मनोरे आहेत, म्हणून लुरीला तो हवा होता.

नियमांचं पाहू. अमेरिकी सैन्यात सर्व दलांना लागू असलेली लष्करी न्यायसंहिता 1950 मध्ये मंजूर झाली आणि 1951 पासून अमलात आली. कोर्टमार्शलची शिक्षा भोगणारा, लष्कराच्या ताब्यात असलेला कैदीसुद्धा या संहितेच्या कक्षेतच राहतो. वर्दी गेली तरी कायदा सुटत नाही. त्यामुळे सिनेमात ‘तुम्ही आता सैनिक नाही’ आणि ‘आम्ही अजून सैनिक आहोत’ असा जो वाद चालतो, तो पटकथाकारांनी नुसता संवादासाठी रचलेला वाद नाही. कायद्यालाही या माणसांचं नक्की काय म्हणायचं हे अवघड जातं. क्रूर आणि विचित्र शिक्षांना याच संहितेचं 55 वं कलम मनाई करतं, हाताखालच्या माणसांचा छळ हा 93 व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे कर्नल विंटर ज्या गोष्टी करतो त्यांसाठी तो स्वतः कोर्टमार्शलला उभा राहू शकतो. अर्विनचा सगळा डाव यावरच आहे: कर्नलचा ताबा सुटलाय हे सिद्ध करा, म्हणजे वरचे त्याला काढतील.

सॅल्यूटबद्दल काकांनी नक्की काहीतरी म्हटलं असेल. सॅल्यूट हा नुसता शिष्टाचार नाही, तो हक्कही आहे, आणि ज्याच्या शिक्षेत सैन्यातून अपमानास्पद काढून टाकणं आहे अशा कैद्याचा तो हक्क जातो ही कल्पना अमेरिकी लष्करी रीतीत पक्की आहे. म्हणून अ‍ॅगिलारचा हात कपाळाशी जाणं हे सामान्य प्रेक्षकाला किरकोळ वाटतं, आणि सैन्यातल्या माणसाला त्यात बंड दिसतं. पुढे कैदी सॅल्यूटऐवजी केसांवरून हात फिरवायला लागतात. हे मला पूर्ण सिनेमातलं सर्वांत हुशार पाऊल वाटतं. बंदी घालावी तरी कशावर? केस सारखे करण्यावर? दिग्दर्शकाने ते कुठेही जास्त अधोरेखित केलेलं नाही. एक हात वर जातो, मग दुसरा, आणि पहारेकऱ्यांना काही कळायच्या आत अख्ख्या मैदानाने मानवंदना देऊन टाकलेली असते.

झेंड्याबद्दलही लोक विचारतात. अमेरिकेच्या ध्वजसंहितेत स्पष्ट म्हटलं आहे की जीविताला किंवा मालमत्तेला अत्यंत धोका असताना संकटाची खूण म्हणूनच झेंडा उलटा लावावा, एरवी कधीही नाही. त्यामुळे कैद्यांनी झेंडा उलटा चढवायचा बेत आखणं हे कायद्याच्या भाषेत बोलणं आहे, झेंड्याचा अपमान नाही. आणि शेवटी जनरल गोळ्या झेलत जो झेंडा चढवतो तो सरळ असतो. काकांचा बांध तिथे फुटला असणार. बहुतेकांचा तिथेच फुटतो.

याच झेंड्याने सिनेमाचं नशीब ठरवलं. 19 ऑक्टोबर 2001 ला तो अमेरिकेत लागला, 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर जेमतेम सव्वा महिन्याने. उलट्या झेंड्याचं पोस्टर आधीच तयार होतं. ते मागे घ्यावं लागलं. संगीतकार जेरी गोल्डस्मिथने सिनेमाची मुख्य धून वेगळी बांधून त्या दिवसाच्या नावाने ध्वनिमुद्रिकेत दिली. लष्करी तुरुंगाचा प्रमुख खलनायक असलेली, गणवेशातली माणसं गणवेशातल्या माणसांशी लढताहेत अशी गोष्ट त्या आठवड्यांत किती जणांना पाहवली असेल? सुमारे सात कोटी डॉलर खर्चून केलेल्या सिनेमाचे जगभरातून तीन कोटीही जमले नाहीत. म्हणून जुनी मतं वाचताना तारीख पाहत जा. त्या वर्षीच्या प्रेक्षकाने लिहिलेलं आणि दहा वर्षांनी घरी बसून पाहिलेल्याने लिहिलेलं, या दोन मतांमध्ये सिनेमा तोच असला तरी पाहणारा देश वेगळा आहे. नंतरच्या प्रेक्षकांनी त्याला बरंच जवळ केलं. त्यामागे काळाचा हात मोठा आहे, सिनेमा अचानक चांगला झाला असं काही नाही.

आता तुमची बाजू.

उत्तरार्धात कैदी जेवणाच्या ताटांच्या ढाली करून रोमन सैन्यासारखी रांग धरतात, सुटे भाग जोडून दगड भिरकावणारं यंत्र उभं करतात, पाण्याचा तोफगाडा ताब्यात घेतात, हेलिकॉप्टर मिळवतात. पहारे असलेल्या तुरुंगात हे सगळं कुठे लपवलं, कोणी पाहिलं नाही का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे आणि सिनेमा त्याचं धड उत्तर देत नाही. ज्या दिग्दर्शकाने दगड उचलायला वीस मिनिटं दिल्यासारखी दिली, तोच इथे युद्धाची सामग्री काही क्षणांत हजर करतो. प्रेक्षकाचा तोल त्यामुळे जातो. आधी सिनेमाने आपल्याला ‘इथे प्रत्येक दगड जड आहे’ हे शिकवलं, आणि नंतर दगड हवेत उडायला लागले.

पण हे एवढ्यावर सोडवत नाही, कारण याहून अशक्य गोष्टी आपण इतर सिनेमांत आनंदाने गिळतो. इथेच का अडतो?

खरी उदाहरणं पाहिली की मला उत्तर सापडायला लागतं. 1968 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ लष्करी तळावरच्या तुरुंगात एका पहारेकऱ्याने कामाच्या तुकडीतून चालत निघालेल्या कैद्याला गोळी घालून मारलं. तीन दिवसांनी, 14 ऑक्टोबरला, 27 कैदी सकाळच्या हजेरीच्या वेळी रांगेतून बाहेर पडले, गवतावर बसले, गाणी म्हणू लागले आणि आपल्या तक्रारी वाचून दाखवायला लागले. एवढंच. हातात ताटसुद्धा नव्हतं. त्यांच्यावर बंडाचा खटला भरला, आणि सुरुवातीला ज्यांची सुनावणी झाली त्यांना 14 ते 16 वर्षांच्या शिक्षा ठोठावल्या. देशभर गदारोळ झाला, नंतर शिक्षा खूप कमी कराव्या लागल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हिएतनाममधल्या लाँग बिन्ह इथल्या अमेरिकी लष्करी तुरुंगात दंगल पेटली, इमारती जळाल्या, एक कैदी मेला. आणि खुद्द लेव्हनवर्थमध्ये 1919 च्या जानेवारीत हजारो कैद्यांनी हत्यार न उचलता काम बंद ठेवलं होतं. युद्धाला विवेकाने नकार देणारे बरेच जण त्यांत होते. तिथल्या प्रमुखाने त्यांच्याशी बोलणी केली, मागण्या वॉशिंग्टनला पोचवल्या आणि युद्धखात्याला शिक्षांचा फेरविचार करावा लागला.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे: जे उठले त्यांना किंमत काय पडेल ते ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्यात जनरल नव्हता. घाबरलेली, वैतागलेली, काही वेळा चुकीचं पाऊल टाकणारी सामान्य पोरं होती. बंड ही लष्करी कायद्यातली सर्वांत भयानक कलमांपैकी एक गोष्ट आहे, 94 व्या कलमाखाली तिला मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. सिनेमात अर्विन या माणसांना त्या कलमाच्या तोंडी देतो. त्यातले कित्येक काही महिन्यांत सुटणार असतील. तो त्यांना हे सांगतो का? एखादा कैदी उठून विचारतो का, ‘साहेब, तुमची आठ माणसं मेली होती, आता आमची किती?’

विचारत नाही. माझी खरी तक्रार इथे आहे. आठ सैनिकांच्या मृत्यूचं ओझं घेऊन तो आत आला आहे असं आपल्याला सुरुवातीला सांगितलं जातं. हे केवढं मोठं बीज! आदेश मोडून माणसं गमावलेला सेनापती पुन्हा एकदा आदेश मोडून माणसं पुढे घालतोय. या वेळी त्याने काय वेगळं शिकलं आहे? पटकथा हा प्रश्न उघडते आणि बाजूला ठेवून देते. त्याला आरसा दाखवणारा एकच प्रसंग आहे, मुलगी भेटायला येते तो. रॉबिन राइट त्यात काही मिनिटांपुरती आहे, श्रेयनामावलीत तिचं नावही नाही. वडील म्हणून तू कधी नव्हतासच, हे ती न ओरडता सांगते, आणि रेडफर्डकडे उत्तर नाही. तेवढा वेळ तो पुतळा राहत नाही, माणूस होतो. मुलगी निघून जाते आणि पुतळा परत येतो.

म्हणून तुम्हाला यंत्र खटकलं. ज्या माणसावर तुमचा विश्वास पूर्ण बसला असता त्याने यंत्र उभं केलं असतं तर तुम्ही मान हलवली असती. विश्वास बसायला तो कुठेतरी चुकावा लागतो, कोणीतरी त्याला अडवावं लागतं. मार्क रफालोचा येट्स हा पैजा घेणारा, स्वतःपुरतं पाहणारा कैदी ते काम करू शकला असता. काही काळ तो करतोही, त्याच्या तोंडी संशय आहे. पण शेवटी तोही ओळीत उभा राहतो. आणि कर्नल, ज्याला सिनेमाने एवढ्या बारकाईने उभा केला, तो शेवटच्या अर्ध्या तासात फक्त ओरडणारा शत्रू होऊन जातो. पुस्तकावर सही मागायला निघालेला तो माणूस कुठे गेला? मला त्याचं सर्वांत जास्त वाईट वाटतं. अर्विन आणि विंटर शेवटी समोरासमोर येतात तेव्हा त्या बारगळलेल्या सहीची आठवण कोणालाच राहिलेली नाही.

तुलनेसाठी एकच सिनेमा सुचवतो, कारण तो पाहिल्याशिवाय माझं म्हणणं अर्धवट राहील. सिडनी ल्युमेटचा 1965 सालचा ‘द हिल’. दुसऱ्या महायुद्धातला, लिबियाच्या वाळवंटातला ब्रिटिश लष्करी तुरुंग. मध्यभागी वाळूचा कृत्रिम डोंगर, त्यावरून कैद्यांना भर उन्हात वर-खाली पळवायचं ही शिक्षा. शॉन कॉनरी त्यात एक हट्टी सार्जंट-मेजर आहे, ज्याने आपल्या अधिकाऱ्यावर हात टाकला म्हणून शिक्षा झाली आहे. संपूर्ण सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. बुटांचा आवाज, धापा, शिट्ट्या आणि आरडाओरड, बस. रे रिग्बीच्या पटकथेला त्या वर्षी कान महोत्सवात पुरस्कार मिळाला होता. तिथेही पाशवी पहारेकरी आहे, तिथेही एक कैदी मरतो, तिथेही बाकीचे न्याय मागायला उभे राहतात. आणि न्याय अगदी हाताशी आलेला असताना त्यांच्यातलेच दोघे रागाच्या भरात असं काही करून बसतात की जिंकलेली बाजी त्यांच्याच हातून जाते. कॉनरी नुसता ‘नको, नको’ म्हणत राहतो. सिनेमा तिथेच कापला आहे. ते पाहून कोणाचे डोळे भरत नाहीत. घशाला कोरड पडते.

हे सांगून मला ‘द लास्ट कॅसल’ खाली ओढायचा नाही. तो मला आवडतो. पहिला सव्वा तास मी वर्गात अजूनही दाखवतो, दगडांचा प्रसंग आणि केसांवरचा हात यांसाठी. एका विद्यार्थिनीने चर्चेत म्हटलं होतं की हा सिनेमा दोन माणसांनी मिळून केल्यासारखा वाटतो, एकाला लष्कर आतून ठाऊक होतं आणि दुसऱ्याला सुट्टीच्या दिवशी थिएटर भरायचं होतं. मला तिचं पूर्ण पटलं नाही, पण तिने जिथे शिवण उसवलेली पाहिली ती जागा बरोबर होती: अ‍ॅगिलार मरतो तो क्षण. त्याआधी प्रत्येक गोष्टीला वजन आहे. त्यानंतर फक्त वेग आहे.

तेव्हा काकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे पाहिलं ते पडद्यावर खरोखर आहे, आणि तुम्ही ते पुरेसं पाहिलं नाहीत असा माझा अंदाज आहे, कारण सॅल्यूटची बंदी आणि झेंड्याची दिशा यांचं वजन तुम्हाला आतून माहीत नव्हतं. तुम्ही जे पाहिलंत तेही आहे. फक्त त्याचं नाव तुम्ही ‘अशक्य’ ठेवलंत, मी ‘न विचारलेला प्रश्न’ ठेवीन. पुन्हा कधी बसलात तर दोघांनी मिळून कार्यालयातला तो कपाटाचा प्रसंग लावा, कर्नल आतून ऐकतो तिथे थांबवा आणि काकांना विचारा की त्यांच्या तुकडीत असं एखादं वाक्य चुकून कोणाच्या कानावर गेलं होतं का. त्यांना वेळ द्या. सिनेमाचा उरलेला भाग त्या रात्री नाही पाहिला तरी चालेल.